आरा पाचिस: टायबरकाठची लेकुरवाळी आणि तिचं काचेचं घर

रोमला जाऊन आलेल्या आपल्या माणसांना ‘आरा पाचिस बघितलं का?’ असं विचारलं, तर बहुतेक जण नाही म्हणतात. कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं यांतच दिवस संपतात. टायबरच्या काठावरच्या या पांढऱ्या इमारतीपाशी टूरची बस सहसा थांबत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: रोममध्ये एकाच संगमरवरासाठी अर्धा दिवस ठेवायचा असेल, तर तो इथे ठेवा. आणि त्या अर्ध्या दिवसातला निम्मा वेळ एकाच शिलापटासमोर घालवा, मागच्या बाजूला, डावीकडच्या कोपऱ्यात असलेल्या लेकुरवाळ्या देवीसमोर.

मी परिचारिका. नोकरीची सगळी वर्षं प्रसूती कक्षात आणि नवजात बाळांच्या विभागात गेली. शिल्प बघताना माझं लक्ष आधी कुठे जाणार हे उघड आहे. बाळ कसं धरलंय, आईची मान किती अवघडली आहे, हाताचा आधार पाठीला आहे की मानेला, हेच मी बघते. युरोपातल्या संग्रहालयांत मांडीवर मूल घेतलेल्या बायका भरपूर दिसतात. त्यातल्या कितीतरी चित्रांत मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस असतो आणि आईचा हात नुसता शोभेला ठेवलेला असतो. आरा पाचिसच्या शिल्पकारानं मात्र खरी बाळं नीट बघितली होती, याबद्दल मला शंका नाही.

आता ही जागा काय आहे ते. ‘आरा पाचिस’ म्हणजे शांतिदेवतेची वेदी. सम्राट ऑगस्टस स्पेन आणि गॉल (साधारण आजचा फ्रान्स) इथली मोहीम आटोपून रोमला परतला, तेव्हा इ.स.पू. १३ मध्ये ४ जुलैला सिनेटनं ही वेदी बांधायचं ठरवलं, आणि इ.स.पू. ९ मध्ये ३० जानेवारीला तिचं अर्पण झालं. मधे बलिवेदी आणि तिच्याभोवती छत नसलेली संगमरवरी चौकोनी भिंत, अशी रचना आहे. भिंतीची एक बाजू ११ मीटरहून थोडी जास्त, दुसरी थोडी कमी. आत जायला समोरासमोर दोन दारं. सगळा दगड लूनाचा, म्हणजे आज ज्याला आपण करारा संगमरवर म्हणतो तो. संग्रहालयात तळमजल्यावर फिरती प्रदर्शनं लागतात, प्रवेशाच्या दालनात ऑगस्टसच्या घराण्यातल्या माणसांच्या मस्तकशिल्पांच्या प्रतिकृती आणि वंशवृक्ष आहे, पण खरं म्हणजे ही सगळी इमारत एका वस्तूसाठी उभी केलेली आहे. मला हे फार आवडतं. इथे दालनांमागून दालनं पालथी घालायची नसतात. एकाच गोष्टीभोवती पुन्हापुन्हा फिरायचं असतं.

आत गेल्यावर वेदीची जी बाजू समोर येते ती पुढची. तिथे थोडं थांबून सरळ मागे जा. मागच्या दाराच्या डाव्या हाताला वरच्या पट्टीत ती आहे. शिलापट सुमारे दीड मीटर उंच आणि अडीच मीटरला थोडा कमी रुंद. खालच्या अर्ध्या भागात वेलबुट्टी असल्यामुळे देवी आपल्या डोक्याच्या वर येते. अगदी जवळ गेलात तर मान दुखेल आणि बाळांचे चेहरे नीट दिसणार नाहीत. चार-पाच पावलं मागे या. शक्य असेल तर पक्षी बघायची छोटी दुर्बीण सोबत ठेवा. मी नेली होती, आणि तिचा जितका उपयोग इथे झाला तितका सगळ्या प्रवासात कुठे झाला नाही.

मधोमध खडकावर ती बसली आहे. भरल्या अंगाची, डोक्यावरून पदर घेतलेली. खांद्यावरचं पातळ वस्त्र ओघळलंय आणि अंगाला असं चिकटलंय की दगड ओला असल्याचा भास व्हावा. मांडीवर फळं आहेत, आणि दोन उघडी गुटगुटीत बाळं. एक छातीकडे हात नेतंय, दुसरं हातातलं फळ तिच्यासमोर धरतंय. दोन्ही बाळांना मागून तिच्या हातांचा आधार आहे. जुळ्यांच्या आया मी खूप बघितल्या. दोघांना एकदम घेतलं की आईचे खांदे आपोआप वर चढतात, कोपरं अंगाशी आवळली जातात, नजर एकाकडून दुसऱ्याकडे धावत राहते. या बाईचे खांदे खाली आहेत. मान किंचित झुकलेली, चेहरा निवांत. बाळांनी मान धरलेली आहे, पाठी ताठ व्हायला लागल्या आहेत. या वयाच्या मुलाला आवळून धरावं लागत नाही, ते कलंडलं तर हाताशी असावं इतकंच. तिचे हात नेमकं तेवढंच करतात.

मांड्यांवरच्या वळ्या बघा. मनगटापाशी दोरा बांधल्यासारखी पडणारी ती घडी, जी पोट भरलेल्या बाळालाच असते, ती बघा. रोमन काळात बाळंतपणात बायका दगावणं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मुलं जाणं हे घरोघरी घडत होतं. ज्यांच्या घरात असे मृत्यू नेहमीचे होते, त्या लोकांनी शांततेच्या वेदीवर, रस्त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी, दोन धष्टपुष्ट बाळं कोरून ठेवली. शांतता म्हणजे काय हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगता येईल, ते मला ठाऊक नाही.

तिच्या दोन्ही बाजूंना दोन तरुणी बसल्या आहेत. डावीकडची हंसावर, उजवीकडची समुद्रातल्या राक्षसी जनावरावर. दोघींचे पदर वाऱ्यानं फुगून डोक्यामागे कमानीसारखे उभे राहिलेत. डावीकडच्या खाली कलंडलेला घडा आहे, त्यातून पाणी वाहतंय, भोवती बोरू माजलाय. उजवीकडच्या खाली लाटा. एक जमिनीवरचा वारा आणि एक समुद्रावरचा, असं त्यांना समजतात. देवीच्या मागे गव्हाच्या ओंब्या आणि खसखशीची बोंडं उगवली आहेत. पायाशी एक गाय निवांत बसली आहे, शेजारी मेंढी चरते आहे. दोन्ही जनावरं देवीच्या मानानं इतकी लहान की आधी चूक वाटते. मग लक्षात येतं की मोठी ती आहे. तिच्या आकाराची दुसरी कोणी या चित्रात नाही.

आता तिचं नाव. फलकांवर आणि पुस्तकांत बहुधा तेल्लुस, म्हणजे पृथ्वीदेवता, असं दिसेल. पण अभ्यासकांचं एकमत नाही. ओंब्या आणि खसखस बघून काही जण तिला धान्याची देवी सेरेस म्हणतात. खांद्यावरून ओघळलेल्या वस्त्रामुळे काहींना ती व्हीनस वाटते, कारण ऑगस्टसचं घराणं स्वतःला व्हीनसच्या वंशातलं मानत होतं. कोणी तिला इटालियाची भूमी मानतात. आणि वेदी जिच्या नावाची, ती पाक्स, शांतिदेवता, तीच ही, असंही मोठं मत आहे. मला या वादात बाजू घ्यावीशी वाटत नाही. ज्यानं हे घडवलं त्याला एकच नाव चिकटवायचं असतं, तर एक ठळक खूण देऊन तो मोकळा झाला असता. त्यानं सगळ्या खुणा थोड्याथोड्या दिल्या. शेतकऱ्यानं ओंब्या बघाव्यात, खलाशानं लाटा, सिनेटरनं व्हीनस, आणि पोटुशी बाईनं बाळं. नाव ठरत नाही म्हणून हा शिलापट अपुरा आहे असं मानू नका.

ही प्रतिमा अचानक आलेली नाही. इ.स.पू. १७ मध्ये ऑगस्टसनं रोममध्ये मोठा युगोत्सव केला. त्यासाठी कवी होरेसनं रचलेलं स्तोत्र २७ मुलगे आणि २७ मुली मिळून गायले. त्यात धान्यानं आणि गुराढोरांनी संपन्न अशा तेल्लुसची प्रार्थना आहे, पिकांना पोसणारं निरोगी पाणी आणि वारे आहेत, आणि बाळंतपण सुखरूप पार पाडणाऱ्या देवीलाही हाक मारलेली आहे. शिलापटासमोर उभं राहून हे आठवलं की वारे, पाणी, गाय, मेंढी, सगळं ओळीनं जागेवर बसतं. त्याच्या आदल्या वर्षी, इ.स.पू. १८ मध्ये, ऑगस्टसनं लग्नाचे कायदे केले होते. वरच्या वर्गातल्या लोकांनी लग्नं करावीत, मुलं जन्माला घालावीत म्हणून त्यात सवलती होत्या आणि टाळणाऱ्यांना तोटे. पुढे तीन मुलांच्या आईला खास हक्क मिळू लागले. म्हणजे या गुटगुटीत बाळांमागे राज्याचं धोरण उभं आहे. मी आयुष्यभर सरकारी योजनांची पोस्टरं लावलेल्या भिंतींसमोर काम केलं आहे. चांगल्या आरोग्याचं चित्र आणि प्रत्यक्ष खाटेवरची बाई यांत किती अंतर असतं ते मला माहीत आहे. तरीही या पोस्टरवर, त्याला पोस्टर म्हणायचं तर, माझा राग नाही. घडवणाऱ्या हातांनी बाळांशी खोटेपणा केलेला नाही.

प्रत्यक्षातल्या बायका बघायच्या असतील तर आता लांब भिंतींकडे वळा. दोन्ही लांब बाजूंवर मिरवणूक आहे, आणि त्यातल्या एका भिंतीवर राजघराणं. ऑगस्टस आहे, टोकदार टोप्या घातलेले पुरोहित आहेत, डोक्यावर वस्त्र घेतलेला अग्रिप्पा, म्हणजे ऑगस्टसचा सेनापती आणि जावई, आहे. अग्रिप्पा इ.स.पू. १२ मध्येच वारला, म्हणजे वेदीचं अर्पण झालं तेव्हा तो हयात नव्हता. त्याच्या मागच्या उंच बाईला कोणी ऑगस्टसची बायको लिव्हिया म्हणतात, कोणी ज्यूलिया. ऑगस्टसची मुलगी ज्यूलिया हिला अग्रिप्पापासून पाच मुलं झाली आणि शेवटचं तो गेल्यावर जन्माला आलं. लिव्हियाला ऑगस्टसपासून जगलेलं मूल एकही नाही. वेदीच्या अर्पणाचा दिवस, ३० जानेवारी, हा तिचा वाढदिवस. पहिल्या नवऱ्यापासून झालेला तिचा धाकटा मुलगा द्रुसुस या मिरवणुकीत आहे. सैनिकी झग्यामुळे तो लगेच ओळखू येतो. समोर त्याची बायको आन्तोनिया, मान वळवून त्याच्याकडे बघणारी, आणि दोघांमध्ये आईचा हात धरलेलं लहान पोर. त्यांच्या मागे एक बाई ओठांवर बोट ठेवून गप्प राहा म्हणते आहे. विधी चालू असताना नवराबायको बोलत होते, एवढंच. पण एवढं दगडात उतरवायला धाडस लागतं. वेदीचं अर्पण झालं त्याच वर्षी सप्टेंबरात द्रुसुस जर्मनीच्या मोहिमेत घोड्यावरून पडून गेला. सिनेटनं लिव्हियाच्या सांत्वनासाठी तिला तीन मुलांच्या आईचे हक्क दिले. मुलगा गमावलेल्या आईला कायद्यानं दिलेलं हे सांत्वन वाचलं, की मागच्या बाजूची ती निवांत देवी पुन्हा जाऊन बघावीशी वाटते. मी गेले.

मिरवणुकीतली मुलं हा वेगळाच आनंद आहे. कोणी मोठ्यांचा झगा ओढतंय, कोणी कंटाळलंय. गळ्यात पिळाचं कडं आणि परदेशी कपडे घातलेलं एक मूल अग्रिप्पाच्या झग्याला धरून उभं आहे. ते कुठलं, कोणाचं, यावर बरंच लिहिलं गेलंय. मला फक्त त्याची मूठ दिसली. गर्दीत घाबरलेलं मूल कापड तसंच धरतं, चिमटीत नाही, सगळ्या मुठीत.

देवीच्या पलीकडे, दाराच्या दुसऱ्या अंगाला, रोमाचा शिलापट आहे. शस्त्रांच्या ढिगावर बसलेली रोमनगरीची देवी. तिचे थोडेच तुकडे हाती आले आणि उरलेली आकृती रेषांनी काढून दाखवली आहे. बरेच लोक तिच्यापुढे क्षणभरही थांबत नाहीत. पण या दोघींची जोडी आहे, ती एकत्रच वाचायला हवी: एकीच्या खाली शस्त्रं, दुसरीच्या मांडीवर बाळं. जुन्या जागी ही बाजू फ्लामिनिया या हमरस्त्याकडे तोंड करून होती, म्हणजे रस्त्यानं येणाऱ्याला या दोघी एकदम दिसत. पुढच्या बाजूच्या दोन शिलापटांपैकी एकात डुकरीण बळी देण्याचा विधी आहे, बहुतेक जण त्यातल्या पुरुषाला ईनिअस, रोमनांचा पौराणिक पूर्वज, मानतात. दुसऱ्यात रोम्युलस-रीमस या, रोमच्या स्थापनेच्या दंतकथेतल्या जुळ्या भावांची गुहा होती, तिचा फारसा भाग उरलेला नाही.

खालच्या अर्ध्या भागातली वेलबुट्टी मात्र सोडू नका. अकँथसच्या पानांच्या एका जुडग्यातून वेल निघतात आणि सगळी भिंत व्यापतात. लांबून नुसती नक्षी वाटते. जवळ गेलं की पानांत सरडे, बेडूक, गोगलगाई सापडतात, वर पंख पसरलेले हंस. एका ठिकाणी पक्ष्याचं घरटं आहे, पिल्लांसकट, आणि एक साप तिकडे निघालेला आहे. मुलांना घेऊन गेलात तर त्यांना हेच शोधायला सांगा, ती कंटाळणार नाहीत. आणि हे सगळं डोळ्यांच्या उंचीवर आहे, दुर्बिणीची गरज नाही. भिंतीच्या आतल्या अंगाला बैलांच्या कवट्यांमध्ये लटकवलेले फळाफुलांचे जाड हार कोरलेत, आणि त्यांच्या खाली लाकडी फळ्यांचं कुंपण दाखवलंय.

ही वेदी आज ज्या जागेवर आहे ती तिची जागा नव्हे, हे माहीत असू द्या. मूळची जागा इथून काही मिनिटांच्या चालीवर, सान लोरेन्झो इन लुचिना या चर्चजवळच्या एका पालात्झोखाली, म्हणजे जुन्या वाड्याखाली. टायबरच्या गाळानं जमीन वर येत गेली आणि वेदी हळूहळू पुरली गेली. १५६८ मध्ये पाया खोदताना कोरीव ठोकळे निघाले. न्यायला सोपे जावेत म्हणून ते उभे कापून पातळ केले गेले. एका कार्डिनलनं ते विकत घेतले आणि लेकुरवाळी देवी फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याकडे गेली. तिथल्या उफ्फीझी संग्रहालयात ती राहिली. १८व्या शतकात फ्रान्चेस्को कार्रादोरी या शिल्पकारानं तिची डागडुजी केली. हे सगळे विखुरलेले दगड आरा पाचिसचे आहेत हे १९व्या शतकाच्या शेवटी फ्रीड्रिख फॉन डून या जर्मन अभ्यासकानं ओळखलं.

उरलेले भाग काढायची कथा इंजिनिअरांनी तर वाचावीच. १९३७-३८ मध्ये जुझेप्पे मोरेत्ती यांच्या देखरेखीखाली खोदकाम झालं तेव्हा वर अख्खा पालात्झो उभा होता आणि खाली जमीन पाण्यानं भरलेली. पाणी उपसलं तर इमारत खचणार. मग जमिनीत नळ्या घातल्या, त्यातून थंड केलेला कर्बवायू सोडला आणि भोवतीचा ओला गाळ गोठवून त्याची भिंत केली. त्या बर्फाच्या भिंतीच्या आत कोरड्यात काम करून दगड बाहेर काढले. ऑगस्टसच्या जन्माला २००० वर्षं होत होती, मुसोलिनीला मुहूर्त गाठायचा होता. २३ सप्टेंबर १९३८ रोजी नदीकाठी, ऑगस्टसच्या समाधीसमोर, मोर्पुर्गो या वास्तुरचनाकाराच्या मंडपात जोडलेली वेदी उघडली गेली.

जोडताना तिचं तोंड ९० अंशांनी फिरलं. मूळची पश्चिम बाजू आता दक्षिणेला आहे आणि आपली लेकुरवाळी, जिच्यावर सकाळचं पहिलं ऊन पडायचं, ती उत्तरेकडे बघते. माझी या जागेबद्दल एकच खरी हळहळ आहे, ती ही. गाय, गहू, समुद्रवारा आणि बाळं एकत्र कोरणाऱ्यानं सूर्य कुठून येणार याचा विचार केला नसेल, असं मला वाटत नाही. अर्थात १९३८ चा निर्णय आज कोणी बदलू शकत नाही.

आजची इमारत रिचर्ड मायर या अमेरिकन वास्तुरचनाकाराची, २१ एप्रिल २००६ रोजी उघडलेली. जुना मंडप ऊन, दमट हवा आणि रस्त्यावरच्या धुरापासून दगडाचा नीट बचाव करू शकत नव्हता. नवी इमारत पांढऱ्या भिंती, त्राव्हेर्तिनो दगड आणि मोठाल्या काचांची. रोमच्या जुन्या वस्तीत ती परकी दिसते म्हणून तिच्यावर सडकून टीका झाली. एका महापौरानं तर ती हलवायची भाषा केली होती. बाहेरून बघणाऱ्याचा आक्षेप मला समजतो. पण आत उभं राहून बघणाऱ्याला तिच्यासारखी इमारत मिळणं कठीण. छतातून आणि काचांतून येणारा उजेड सगळीकडे पसरतो, दगडावर कुठे दिव्याचा झोत भोसकत नाही. उठाव कुठे खोल आहे, कुठे उथळ, हे उजेडाबरोबर बदलत जातं. वस्त्राच्या चुण्या खोल कोरलेल्या आहेत, मागची झाडं अगदी हलक्या हातानं उमटवली आहेत. विजेच्या दिव्यात हा फरक पुसला जातो. तेव्हा दिवसाउजेडी जा, आणि ढगाळ हवा असेल तर मुळीच हिरमुसू नका.

मूळची वेदी रंगवलेली होती, आज ती पांढरी दिसते. संग्रहालयानं आधी रंगीत प्रकाश टाकून आणि २०१६ पासून डोळ्यांवर लावायच्या उपकरणांमधून मूळ रंगांचा अंदाज दाखवायचे उपक्रम केले. तुम्ही जाल तेव्हा असं काही चालू आहे का, ते संकेतस्थळावर आधी बघून घ्या. निळ्या पार्श्वभूमीवर देवी कशी दिसत असेल याची कल्पना आली, की बाळांचा पांढरेपणा आपल्याला लागलेल्या सवयीचा भाग आहे हे कळतं.

सगळेच दगड मूळचे नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मिरवणुकीचा एक शिलापट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, इथे त्याची प्रतिकृती. व्हॅटिकनकडचा तुकडा १९५४ मध्ये पोप पायस बारावे यांनी परत दिला. लेकुरवाळी मात्र अस्सल आहे. लूव्रला गेलात तर तिथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन शहरातून आलेलं एक उठावशिल्पही शोधा. मधली बाई जवळजवळ हीच, दोन बाळांसकट, पण शेजारच्या आकृती वेगळ्या. ही प्रतिमा समुद्रापार किती मुरली होती ते त्यावरून दिसतं.

व्यवहाराचं थोडक्यात. मेट्रोच्या ए मार्गावर स्पान्या किंवा फ्लामिनिओला उतरून चालत जाता येतं. सकाळी ९:३० ते संध्याकाळी ७:३० उघडं असतं, शेवटचा प्रवेश तासभर आधी. १ मे आणि २५ डिसेंबरला बंद. खाली मोठं प्रदर्शन लागलं असेल तर तिकिटाचा दर बदलतो, तिकीट काढताना नीट विचारा, तुम्हाला फक्त वेदी बघायची असेल तर तसं सांगा. तिकीट काढायचंच नसेल, तरी इमारतीला वळसा घाला. काचेतून वेदी बाहेरूनही दिसते, आणि रिपेत्ता रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर ऑगस्टसनं स्वतःच लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा लॅटिन लेखाजोखा आहे. त्यात या वेदीचा उल्लेख आहे: अधिकारी, पुरोहित आणि व्हेस्टा या चुलीच्या देवीच्या कुमारिका पुजारिणी यांनी दर वर्षी इथे बळी द्यावा, असं सिनेटनं ठरवल्याचं तो सांगतो.

लहान बाळ घेऊन रोम फिरणाऱ्यांना मी ही जागा आवर्जून सुचवेन. गर्दी व्हॅटिकनच्या मानानं काहीच नाही. एकट्यानं जाणाऱ्यांनी निदान दीड तास हाताशी ठेवावा, आणि वेदीला दोन फेऱ्या माराव्यात: पहिली उजेडाच्या बाजूनं वेलबुट्टी बघत, दुसरी मान वर करून माणसं बघत. माहिती ऐकवणारं यंत्र घेतलंत तर दुसऱ्या फेरीत ते कानातून काढा. पाच पैकी किती गुण असं विचाराल तर पूर्ण पाच. तोंड फिरवलेल्या दिशेसाठी अर्धा कापावा असं मनात आलं होतं, पण तो दोष १९३८ चा आहे आणि आज तिथे दगड सांभाळणाऱ्यांचा त्यात काही हात नाही.